पातळ जागा

बाईंनी खोलीतला मोठा दिवा मालवला आणि हातातला छोटा जांभळा दिवा पानाच्या कडेवर धरला, तेव्हा जिथं काहीच नव्हतं तिथं अक्षरं दिसली. तीन शब्द. ती जागा मी घटकाभरापूर्वीच पाहिली होती, बोटाच्या पाठीनं चाचपलीही होती. "इथं सुरी फिरलीय, पण कातडं करणाऱ्याची नाही, नंतर कुणाची तरी," असं मीच बाईंना सांगितलं होतं. सुरी कशासाठी फिरली होती ते मात्र मला ठाऊक नव्हतं. त्या दिव्याखाली कातडं फिकट निळं चमकत होतं आणि अक्षरं काळसर दिसत होती, भिंतीला रंग दिला तरी जुनी ओल वर यावी तशी. "काय लिहिलंय?" मी विचारलं. ती लिपी मला येत नाही. मला एकच येते, तीही उशिरा आलेली. बाई हसून म्हणाल्या, "'इथे निळा. थोडाच.' लिहिणाऱ्यानं रंगवणाऱ्याला सांगून ठेवलंय, काका. काम झालं की हे खरवडून टाकायचे." आणि त्या घाईघाईनं वहीत टिपून घेऊ लागल्या. मी खुर्चीची कड धरून बसलो. जिना उतरताना अजून एक पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि खाली जमीनच लागावी, तसं अंगभर झालं होतं. खरवडलेलं जात नाही, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

बाई या ग्रंथालयात जुन्या सोनेरी पोथ्यांवर संशोधन करतात. सातशे वर्षांपूर्वी हातानं लिहिलेल्या, कातड्याच्या पानांच्या पोथ्या. एकेका पानावर पहिलं अक्षर तळहाताएवढं, त्यात सोनं, वेलबुट्टी, लांब मानेचे पक्षी, कुठं समासात शेपटी चावणारं माकड. त्या कशा झाल्या, कुणी कुणी केल्या, हे बाईंना शोधायचं आहे. लिहिणारा वेगळा, रंगवणारा वेगळा, सोनं लावणारा आणखी वेगळा. सोन्याचा वर्ख लावायच्या आधी खालच्या लेपावर नळीनं श्वास सोडायचा, पोटातून आलेला उबदार श्वास, म्हणजे लेपाला चिकटपणा येतो, हे त्यांनीच मला सांगितलं. ते ऐकल्यापासून त्या पानांतलं सोनं पाहिलं की मला आधी कुणाची तरी छाती खालीवर होताना दिसते. पण कातड्यापाशी आल्यावर बाईंची पुस्तकं संपली. कुठलं जनावर, कुठली बाजू केसांची, कुठला ओरखडा बनवतानाचा आणि कुठला मागाहूनचा, हे वाचून कळत नाही. पुस्तकं बांधणाऱ्या एका कारागिरानं त्यांना माझं नाव दिलं. ढोलकीवाल्यांसाठी आणि बांधणीवाल्यांसाठी कातडी ताणण्यात माझं आयुष्य गेलं. आता हात थरथरतो, दुकान जवळजवळ बंदच आहे. तरी आठवड्यातून एकदा मी इथं येतो, आणि बाई मला चहा पाजून शास्त्रज्ञ बनवतात.

दारावरचा पहारेकरी पहिल्या दिवशी माझ्या खिशातलं पेन काढून घ्यायला लागला. आत शाई न्यायची नाही, फक्त पेन्सिल. "अहो, साठी उलटेपर्यंत माझ्याकडं पेन नव्हतं," मी म्हणालो, "आता कुठं आलंय, तर लगेच जप्त?" त्याला काय वाटलं कोण जाणे, तेव्हापासून तो मला 'पेनवाले आजोबा' म्हणतो आणि पेन एका वेगळ्या वाटीत ठेवतो.

जांभळा दिवा लावला त्याच दिवशी बाईंनी मला एक प्रश्न विचारला. त्यांच्या सगळ्या संशोधनाची कळ त्यातच आहे म्हणे. रंगवणाऱ्यांतल्या पुष्कळांना वाचता येत नसणार. शेजारीच तर बसायचे, तोंडानं सांगायचं सोडून लिहिणारा लिहीत का बसायचा? "तुम्हाला काय वाटतं, काका?" मी म्हणालो, "भांडण झालं असेल." बाई खळखळून हसल्या. मीही हसलो. पण परत जाताना बसमध्ये माझा थांबा मागं पडला आणि मला कळलं नाही.

माझं नि बायकोचं अकरा दिवसांचं भांडण होतं ते. लेकीला शाळेत घालायचं होतं आणि आम्ही दोघं अर्ज घेऊन गेलो होतो. बापाच्या सहीच्या जागी मी अंगठा पुढं केला, तशी कारकुनानं शाईचा पॅड हुडकायला तीन कपाटं उघडली. रांगेतल्या सगळ्यांना दिसेल असं उघडली. परत येताना वाटेत दुकानात थांबून तिनं एक निळ्या-काळ्या शाईची दौत आणि टाक घेतला. पोरीला अजून पेन्सिल धरता येत नव्हती, टाक कशाला, मी विचारलं. ती म्हणाली, "पोरीसाठी नाही. तुम्ही बसा माझ्याजवळ संध्याकाळी. मला चौथीपर्यंतचं येतं, तेवढं देते." साधं बोलणं होतं. आज ते शब्द मी हातात घेऊन उलटेपालटे करतो तेव्हा कुठंच टोचत नाहीत. पण त्या दिवशी माझ्या अंगठ्याला अजून शाई होती. मी म्हणालो, "तुझी चार बुकं तुझ्यापाशीच ठेव. कातडं मी वाचतो, तेवढ्यावर तू जेवतेस." बोलून गेलो. मग ती बोलेना, आणि आपण कसं बोलायचं म्हणून मीही बोलेना.

आमच्या कामात अबोला परवडत नाही. चुन्यातून काढलेलं, केस उतरवलेलं कातडं चौकटीवर ताणायचं, कडेला खडे गुंडाळून दोऱ्या बांधायच्या, आणि वाळत आलं की अर्धगोल सुरीनं खरवडून सगळीकडं एकसारखं करायचं. खरवडताना समोरून जाडी कळत नाही. म्हणून ती चौकटीच्या पलीकडं दिवा धरून उभी राहायची. उजेड कुठं जास्त येतो ते तिला दिसायचं आणि ती पलीकडून सांगत राहायची. मला ती दिसायची नाही. कातड्यात नुसती सावली दिसायची, पिवळसर, कडा विरलेली, आणि तिच्यातून आवाज यायचा. संसारातलं आमचं निम्मं बोलणं असं कातड्याच्या आरपार झालं. भाजी संपली, पोरगी कणकणली आहे, शेजारीण पुन्हा भांडली, आणि मध्येच, "थांबा, खाली या जरा, आता डावीकडं." त्या अकरा दिवसांत ती दिवा धरायची, वेळेवर, एक दिवसही चुकली नाही. पण पलीकडून काही यायचं नाही. सावली आणि सुरीचा खर्रर्र आवाज. मी अंदाजानं हात मारायचो. जेवण झाकलेलं असायचं. ताटावरचं झाकण उचलताना वाफ यायची, म्हणजे ती मला येताना पाहून वाढायची आणि आत निघून जायची, हेही माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मला बऱ्याच गोष्टी उशिराच येतात.

बाराव्या दिवशी सकाळी चौकटीपाशी गेलो तर कातड्यावर शाईनं काहीतरी लिहिलेलं. मधोमध नाही, पाठीच्या कण्यापासून चार बोटं बाजूला, दोन ओळी. तिचंच, दुसरं कोण लिहिणार. बांधणीवाल्यानं सांगून ठेवलेलं वासराचं कातडं, एकही डाग नको म्हणाला होता, त्यावर शाई. आणि लिहायचं कुणाला, तर मला. मला वाटलं, हिनं मला चिडवलंय. येत नाही ना वाचता, मग बघ. माझ्या बापाला म्हशीचं शिंग लागलं होतं तेव्हा रागानं त्याचे डोळे आतून लाल झाले होते, तसं मला झालं असणार. ती दिवा घेऊन पलीकडं आली, उभी राहिली. मी सुरी घेतली आणि पहिलं काय केलं असेल, तर त्या दोन ओळी खरवडल्या. जोरानं. शाई आत मुरली होती, जाईना, मी आणखी दाबली. पलीकडची सावली एकदा हलली, दिवा वर झाला, खाली झाला. अक्षरं गेली, पांढरं कातडं निघालं, आणि त्याच झटक्यात सुरी खाली घसरून कातड्यात शिरली. ताणलेलं कातडं, बोटभर चीर डोळ्यासारखी उघडली. आणि त्या डोळ्यातून मला ती दिसली. दिव्यासकट. किती दिवसांनी तिचा चेहरा मी समोरासमोर पाहत होतो. ती म्हणाली, "दोरा द्या."

तिनं ओल्या फडक्यानं ती जागा मऊ केली, हाताशी होता तो लाल दोरा घेतला आणि नऊ टाके घातले. टाके घालताना आम्ही बोलायला लागलो होतो, काय ते आठवत नाही, पोरीच्या दप्तराचं काहीतरी. संध्याकाळी मी विचारलं, "काय लिहिलं होतंस गं?" ती म्हणाली, "काही नाही. शाई उमटते का बघत होते." बांधणीवाल्यानं ते कातडं घेतलं नाही. ते तिच्या सुया-दोऱ्यांच्या खणात खाली अंथरलं गेलं आणि तिथंच राहिलं.

पुढं पस्तीस वर्षं मी ही गोष्ट सांगितली. लग्नांत, बारशांत, आल्यागेल्याला. "अबोला धरावा तर आमच्या घरी. अकरा दिवस! आणि बाराव्या दिवशी हरलं कोण? ही. 'दोरा द्या' म्हणाली!" लोक हसायचे. तीही हसायची, पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, "हो बाई, मीच हरले. यांच्याशी कोण जिंकणार?" शाईचं मी सांगायचो नाही. तीही सांगायची नाही. ती गेली त्याला आता अकरा वर्षं झाली. ती गेल्यावर तिसऱ्या वर्षी मी लेकीला म्हणालो, मला शिकव. लेक झेरॉक्सचं दुकान चालवते. बिघडलेल्या कागदांच्या पाठीवर तिनं मला अक्षरं काढायला बसवलं, गिऱ्हाईक आलं की उठायची, गेलं की यायची. "बाबा, 'अ' काढताय की सोलताय त्याला? कागद फाटला की!" मी म्हणायचो, "फाटला तर शिवू." दोन पावसाळे लागले. मग बसच्या पाट्या, औषधांची खोकी, दुकानांची नावं, सगळीकडून आवाज यायला लागले. साठ-पासष्ट वर्षं ज्या रस्त्यानं मुकाट्यानं गेलो तो रस्ता बोलका झाला. तेव्हाही ते कातडं खणातच होतं. मला वाचता यायला लागलं आणि वाचायचं होतं ते मीच खरवडलेलं होतं, एवढा हिशेब मी एका रात्रीत करून बंद केला होता.

आणि आता हा जांभळा दिवा.

तीन आठवडे मी बाईंना काही बोललो नाही. पानं पाहिली, केसांची बाजू, मांसाची बाजू सांगितली. आणखी दोन खरवडलेल्या जागा सापडल्या. एका जागी निघालं, 'सोनं पुरणार नाही, पिवळ्यावर भागव', आणि बाई इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. मी घरी जाऊन खण उघडायचो, दोऱ्यांची रिळं बाजूला करायचो, कातडं खिडकीशी धरायचो. काही दिसायचं नाही. नऊ लाल टाके आणि त्यांच्या वर जरा खोलगट, गुळगुळीत जागा. माझा राग तेवढा दिसायचा, कारण सुरी वेडीवाकडी फिरली होती. कुठलाही कारागीर एका नजरेत सांगेल. काय असेल? शिवी असेल. असावी, मी पात्र होतो. माहेरी जाते असं असेल. की खरंच काही नसेल, शाई उमटते का ते पाहायला माणूस काय लिहितं, आपलंच नाव, पोरीचं नाव. एकेका रात्री मला वाटायचं, शिवी निघाली तर बरं, फिटेल. आणि चांगलं काही निघालं तर? ते कसं फेडायचं? फेडून घ्यायला माणूस कुठाय? मनाशीच म्हणायचो, राहू दे. झाकलेलं ताट आहे, झाकलेलं राहू दे.

लेकीला मात्र कळलं. तिला सगळं कळतं, आईवर गेलीय. खण उघडा पाहून म्हणाली, "बाबा, रिळं कुणी विसकटली?" मग मी सगळं सांगितलं. शाईचंसुद्धा. ती बराच वेळ रिळांचे दोरे गुंडाळत बसली. "म्हणजे तुम्ही इतकी वर्षं गोष्ट अर्धी सांगत होता."

"अर्धी मला ठाऊकच नव्हती."

"आता ठाऊक करून घ्या मग."

"आणि वाईट असलं तर?"

"आईनं लिहिलंय ना?" ती म्हणाली. "मग वाईट काय असणार? फार तर खरं असेल."

"तेच म्हणतोय मी."

तिनं कातड्याची गुंडाळी केली, झेरॉक्सच्या कागदाच्या रिकाम्या नळीत घातली आणि माझ्या हातात दिली. "मी येते न्यायला चारला. घाबरत असाल तर पहारेकऱ्याचा हात धरून बसा."

पहारेकरी नळी पाहून उठून उभाच राहिला. "आजोबा, हे आत नाही जायचं. आणि गेलं तर बाहेर नाही यायचं. पान कापून नेलं म्हणतील तुम्हाला." मी म्हणालो, "माझं आहे. घरचं." तो म्हणाला, "सगळे तसंच म्हणतात." शेवटी बाई आल्या. त्यांनी गुंडाळी उघडून पाहिली, टाक्यांवरून नजर फिरवली, मग माझ्याकडं पाहिलं आणि पहारेकऱ्याला सोडायची खूण केली. पहारेकऱ्यानं चिठ्ठी केली. मी ती त्याच्या हातात असतानाच उलट्या बाजूनं वाचली: 'जुने कातडे, एक, शिवलेले. मालक: पेनवाले आजोबा.'

आत बाईंनी सोनेरी पोथी मिटून बाजूला ठेवली आणि तिच्या मऊ उशीवर माझं कातडं पसरलं. कडा उठत होत्या, त्यांवर कापडात शिवलेल्या वाळूच्या लडी ठेवल्या. सातशे वर्षांच्या पोथीला जेवढं जपतात तेवढंच जपून ठेवल्या. त्यांना मी थोडक्यात सांगितलं. "शाई कुठली?" त्यांनी विचारलं. निळी-काळी, दौतीतली. "जुन्या निळ्या-काळ्यात लोखंड असायचं," त्या म्हणाल्या, "ते कातड्यात उतरतं. असेल तर दिसेल, काका. नसेल तर मात्र..." मी मान हलवली. "मी बाहेर थांबू का?" बाईंनी विचारलं. मी म्हणालो, "नको, दिवा कोण धरणार?"

मोठा दिवा गेला. अंधारात क्षणभर मला आमच्या दुकानातला वास आला, चुन्याचा आणि ओल्या चामड्याचा, पहाटेचा. मग जांभळा उजेड आला. कातडं पाण्याखालून पेटल्यासारखं झालं. लाल टाके काळे दिसायला लागले, नऊच्या नऊ. बाईंचा हात हळूहळू वर सरकला, माझ्या वेड्यावाकड्या ओरखड्यांवर आला, आणि थांबला. त्यांना वाचता आलं होतं, ते त्यांच्या श्वासावरून मला कळलं. पण त्या बोलल्या नाहीत, दिवा नुसता धरून राहिल्या. मी चष्मा नाकावर वर केला आणि बोट कातड्याला न लावता हवेतच अक्षरांखालून नेलं, लेकीनं शिकवलं होतं तसं. तिचं अक्षर मी पहिल्यांदाच वाचत होतो. चौथीतल्या मुलीचं अक्षर, गोल, एकेक सुटं सुटं, जणू पहिल्यांदा वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून काढलेलं. इ. थे. 'इथे' झालं. मग पा, त, ळ. मग मी थांबलो. पुढचं मला वाचावंच लागलं नाही. ते मी हजार वेळा ऐकलेलं होतं, कातड्याच्या पलीकडून, त्या सावलीतून. तरी वाचलं. शिकलोय ते कशासाठी.

'इथे पातळ आहे.
हात हलका ठेवा.'

दुसऱ्या ओळीच्या बरोबर खाली चीर होती.

किती वेळ गेला ठाऊक नाही. बाईंचा हात अवघडला असणार, पण दिवा हलला नाही. माझ्या मनात फार काही आलं नाही. एवढंच आलं की सुरी घुसली तेव्हा ती सरळ म्हणू शकली असती, मी लिहिलं होतं ना. त्या दिवशी म्हणू शकली असती. पुढं पस्तीस वर्षांत, लग्नांत, बारशांत, चारचौघांत मी तिला हरवत असताना, कधीही. आणि दर वेळी तिनं पदर तोंडाला लावला. हसू पुसत होती असं मी समजत होतो.

"दिवा घालवते आता," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "शाईला सोसत नाही फार वेळ. पुन्हा पाहायचं असलं तर थोड्या वेळानं लावू."

"नको," मी म्हणालो. "पाठ झालं."

मोठा दिवा लागला तेव्हा कातडं पुन्हा कोरं होतं. बाईंनी वही ओढली, पेन्सिल उचलली, आणि मग ती ठेवून दिली. त्यांचा तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. मीच म्हणालो, "बाई, शेजारी बसलेल्याला तोंडानं सांगायचं सोडून तो लिहायचा का, विचारत होता ना. लिहिलेलं पुसता येतं. समोरच्यानं नाही ऐकलं तरी, मी सांगितलंच नव्हतं असं लिहिणाऱ्याला म्हणता येतं, त्या समोरच्यासाठी." बाईंनी पेन्सिल उचलली, पण लिहिलं काही नाही. वाळूच्या लडी एकेक करून काढल्या. चहा विचारला. मी प्यायलो. चहा गार होता की माझी जीभ, कळलं नाही.

चारला लेक दारात होती, गाडी चालू ठेवून. पहारेकऱ्यानं चिठ्ठी ताडून पाहिली, पेन वाटीतून काढून माझ्या खिशाला लावलं आणि म्हणाला, "आजोबांनी काही चोरलेलं नाही, ताई. तपासलं मी." लेक हसली, पण डोळे माझ्याकडं होते. "काय निघालं, बाबा?"

मी तिला सांगितलं. त्या ओळी जशा होत्या तशा, मध्ये थांबून. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे अबोला आईनं 'दोरा द्या'ला नाही मोडला."

"त्याच्या घटकाभर आधीच मोडला होता. मी ऐकलं नाही."

"आता गोष्ट कशी सांगणार मग?"

"बघू," मी म्हणालो. "आता तू सांग."

तिनं नाक पुसलं, माझ्या हातातली नळी घेतली. नळीचं टोपण कुठंतरी आतच राहिलं होतं. कातड्याची कड बाहेर आली होती, लाल टाक्यांपर्यंत, आणि लेक तळव्यानं ती आत दाबायला लागली.

"हळू," मी म्हणालो. "तिथं पातळ आहे."